कोपराची कैफियत

मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आणि जो सोसतो त्याच्यावर सोसण्याच्या मर्यादेपलीकडे भार घालू नये, हा तिचा अर्थही इतका सर्वपरिचित आहे, की त्या म्हणीतल्या कोपराकडे लक्ष देण्याचे कारण सहसा कोणास पडत नाही. जमीन मऊ आहे की कठीण, एवढाच विचार आपण करतो. खणणाऱ्या कोपराचे काय होते, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारण्याचा प्रसंग मजवर गेल्या वर्षी आला, आणि त्याच्या मागोमाग धर्मविचाराच्या दप्तरात फार जुना असलेला दुसरा एक प्रश्न उभा राहिला. शरीराला जे सुखाचे वाटते ते योग्यतेचे प्रमाण मानावे काय? हातून घडलेले कर्म बरोबर की चूक, याविषयी देहाची साक्ष ग्राह्य धरावी की ती अज्ञ साक्षीदाराची म्हणून फेटाळून लावावी?

रत्नागिरीस तांबड्या मातीच्या एका मैदानावर आम्ही पाचसहा समवयस्क मंडळी दिवाळीपासून मृगापर्यंत रोज सकाळी टेनिस खेळतो. समुद्राकडून येणारा दमट वारा, चुन्याच्या रेषांवर रात्रीतून पडलेली आंब्याची पाने आणि चेंडू जेमतेम दिसेल एवढाच तो पहाटेचा उजेड यांच्या संगतीत घालविलेला तास हा माझ्या दिवसाचा पाया आहे. गेल्या चैत्रात उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास ठणका सुरू झाला. प्रथम तो फोरहँडचा फटका मारतानाच जाणवे. पुढे पंचा पिळताना, कुलपात किल्ली फिरविताना जाणवू लागला. आणि वैशाखात एके सकाळी सूर्याला अर्घ्य द्यावयास उचललेला भरला तांब्या, हातातले बळ कोणी काढून घ्यावे तसा, बोटांतून निसटून अंगणात पडला. धार पडावयाची तेथे तांब्या पडला, याचे मनाला फार लागले. ज्या हाताने मी चेंडू मारीत होतो त्याच हाताने देवाचेही करीत होतो, आणि त्या हाताशी माझा व्यवहार काही न्यायाचा नव्हता, अशी पहिली शंका त्या क्षणी आली.

या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. दंडाचे हाड कोपरापाशी जेथे संपते तेथे बाहेरच्या बाजूस एक उंचवटा बोटाला लागतो. मनगट मागे उचलून धरणाऱ्या स्नायूंचा उगम तेथे आहे, आणि त्या उगमाजवळच्या कंडरेस वारंवार पडणाऱ्या ताणाने जी झीज होते तीच ही व्याधी. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने तिचे वर्णन केले, ते खेळाडूंच्या नव्हे तर लेखणी धरून लिहिणाऱ्यांच्या हातासंबंधाने; लॉन टेनिस या खेळाची सनद मेजर विंगफील्ड याने लंडनमध्ये घेतली ती त्याच्या पुढच्या वर्षी, १८७४ त; आणि इंग्लंडातील डॉक्टरांनी खेळाचे नाव या दुखण्याला जोडले ते आणखी आठदहा वर्षांनी. म्हणजे व्याधी आधीची आणि नाव मागचे. आजही हिने पीडलेल्या बहुसंख्य माणसांनी आयुष्यात कधी रॅकेट हाती धरलेली नसते. सुतार, रंगारी, नळकाम करणारे, स्वयंपाकी, दिवसभर हातांनी राबणारे हेच तिचे खरे धनी. दुखणे श्रमिकांचे आणि नाव मात्र खेळणाऱ्यांचे, हा अन्याय ध्यानात ठेवावा, कारण शेवटी मला त्याच्याकडेच परत यावयाचे आहे.

आपल्याकडे या सांध्याचे स्मरण फार प्राचीन आहे. मराठीतील ‘कोपर’ हा शब्द संस्कृत ‘कूर्पर’ यावरून आला, आणि सुश्रुताने शरीरात जी १०७ मर्मे सांगितली त्यांत कूर्परही एक आहे. ज्या मर्मांवर आघात झाला असता प्राण जात नाही परंतु अंगास वैकल्य येते, त्या वर्गात त्याने कोपराला बसविले. मनुष्य जगेल, पण हात थोटा होईल, असा त्याचा निर्वाळा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अंगाच्या हालचालींचा विचार करताना ‘सौष्ठव’ म्हणजे काय ते सांगितले आहे. त्या व्याख्येत कटी, कान, खांदे आणि मस्तक यांच्या बरोबरीने कोपराचेही नाव घेऊन ही सारी अंगे सम असावीत आणि छाती उन्नत असावी असे म्हटले आहे. एकाने कोपर कसे मोडते ते सांगितले, दुसऱ्याने ते कसे शोभते ते सांगितले. आणि शोभेच्या व्याख्येत कोपराला एकटे न ठेवता कानापासून कटीपर्यंतच्या साऱ्या मंडळींत बसविले, ही त्यातली मर्माची गोष्ट आहे.

हे शास्त्र आणि हा खेळ एकाच घरात नांदलेले महाराष्ट्राने पाहिले आहेत. अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती सिद्ध करणारे शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमाबाई राव यांनी तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत पद्यात रचली, सत्याग्रहावर संस्कृत काव्य लिहिले, आणि त्या स्वतः टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला, आणि तेथे एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे याच लीलाबाईंनी नृत्यशास्त्रावर ग्रंथलेखन केले. वेदाची संहिता, संतांची चरित्रे, नृत्यातील अंगविक्षेप आणि रॅकेटचा फटका यांचा वारसा तीन पिढ्यांत एकाच घराण्यात चालत आला, तेव्हा हात कोठे असावा हा प्रश्न आणि मन कोठे असावे हा प्रश्न यांची फारकत आपल्या परंपरेला मान्य होती असे म्हणवत नाही.

आता फोरहँडकडे वळू. हा फटका सर्वांत स्वाभाविक म्हणून नवशिक्यास प्रथम शिकवितात. कारण पुढ्यात आलेली वस्तू तळहाताने ढकलावी तशीच त्याची गती असते. चेंडू दिसताच खांदे आडवे वळावेत, भार मागच्या पायावर यावा, मग पायापासून उठलेला जोर कमरेत, कमरेतला धडात, धडातला खांद्यात, आणि खांद्यातला दंडावाटे हातात असा क्रमाने उतरत जावा, आणि चेंडूची गाठ पुढच्या पायाच्या थोडी पुढे, कोपर बरगडीपासून वीतभर सुटे असताना पडावी, हा त्याचा विधी आहे. या विधीत कोपर हा मधला टप्पा. त्याने वरून आलेला जोर खाली पोचवावयाचा, स्वतः काही निर्माण करावयाचे नाही. माझे चुकत होते ते येथे. चेंडू ओळखण्यास मला उशीर होई, खांदे वळावयाचे राहून जात, आणि चेंडू कमरेच्या बाजूस येऊन ठेपला म्हणजे कोपर बरगडीस चिकटलेले, मनगट घाईने पुढे ओढलेले आणि मूठ जीव खाऊन आवळलेली, अशा अवस्थेत फटका निघे. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी त्याला मागून धरणाऱ्या स्नायूंनाही तितकाच ताण घ्यावा लागतो, आणि तो ताण उगमाशी, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी, जाऊन पोचतो. चेंडूचे वजन सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास. एवढीशी वस्तू परतविण्यासाठी साऱ्या देहाचे काम एकट्या कोपराने अंगावर घेतले होते.

जुन्या काळच्या कारभारात असे होत असे, की वरिष्ठ अंमलदार आळसावले, मामलेदार गैरहजर राहिले, म्हणजे एखादा इमानी कारकून साऱ्या तालुक्याचे दप्तर एकट्याने चालवी. काम अडत नसे, म्हणून कोणास काही कळतही नसे, आणि एके दिवशी तो कारकून अंथरुणास खिळला म्हणजे मगच कचेरीत हाहाकार होई. माझ्या देहाच्या कचेरीत हेच झाले होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असता जो एकट्या आपल्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन म्हटली आहे. हा विचार आपण जिवाच्या कर्तेपणासंबंधाने ऐकतो आणि सोडून देतो. परंतु कर्तेपणाचा भ्रम मनात असतो तसा अवयवातही उतरतो, आणि ज्या अवयवात तो उतरतो तो अवयव दुखू लागतो, हे मला कोपराने शिकविले. दुखणे हे वाटणीतल्या अन्यायाचे चिन्ह होते. सगळ्यांचे काम एकाने केले, म्हणून एकाला दुखले.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देहाची साक्ष घ्यावयाची तर ती कोणत्या वेळी? कोपर बरगडीस चिकटवून, मूठ आवळून मी कैक वर्षे खेळलो, आणि त्या सर्व काळात ते मला सोयीचेच वाटत होते. उलट कोपर सुटे ठेवण्याचा यत्न पहिल्या दिवशी केला तेव्हा हात परक्याचा असल्यासारखा अवघडला. तेव्हा सुखाला प्रमाण मानले असते तर चुकीलाच कौल मिळाला असता. कठोपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो तो याच अडचणीसाठी. आणि गीता सुखाचे तीन प्रकार करते तेही यासाठीच, की आरंभी विषासारखे वाटून परिणामी अमृतासारखे होणारे सुख एक, आरंभी अमृत आणि परिणामी विष ते दुसरे, आणि आरंभी व शेवटीही मोह पाडणारे, निद्रा व आळस यांतून उपजलेले, ते तिसरे. सवयीचे सुख हे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातीचे असते. म्हणून देहाची साक्ष घ्यावी, पण ती फटक्याच्या क्षणी घेऊन खटला निकालात काढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या उचलताना तोच साक्षीदार काय सांगतो ते ऐकावे, महिन्यानंतर काय सांगतो तेही ऐकावे, आणि या जबान्या एकमेकींशी जुळतात काय ते पाहावे.

परंतु याचा अर्थ क्लेश हेच श्रेयाचे लक्षण, असा घेणाऱ्यांचाही पंथ आपल्याकडे थोडा नाही. दुखेल तेवढे पुण्य, सोसेल तेवढी सिद्धी, ही समजूत मठातून निघून तालमीत, आणि तालमीतून निघून क्रीडांगणावर येऊन बसली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने आणि हट्टाने शरीरातल्या भूतसमुदायाला कष्टविणाऱ्या तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे, हे ती मंडळी विसरतात. पतंजलींनी तर आसनाची लक्षणे दोनच सांगितली, ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. आणि ते साधण्याच्या उपायांत पहिला उपाय सांगितला तो प्रयत्नाला शैथिल्य देण्याचा. चालून चालून ज्याचे तळपाय रक्तबंबाळ झाले त्या सोण नावाच्या भिक्षूला भगवान बुद्धांनी, तो पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे हे जाणून, तारा अति ताणल्या किंवा अति सैल ठेवल्या तर वीणा नीट वाजते काय, असे विचारले होते. रॅकेटच्या तारांनाही तोच न्याय लागू आहे. अति ताणलेल्या तारा आघात झेलीत नाहीत, तो जसाचा तसा हाताकडे पाठवितात. शैथिल्य म्हणजे ढिलाई नव्हे. जेथे ताण हवा तेथेच तो असणे, आणि इतरत्र नसणे, हे शैथिल्य. आणि ते आळसाने मिळत नाही, दीर्घ अभ्यासाने मिळते.

ज्येष्ठ लागला, पाऊस सुरू झाला. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने मैदानावर पाय ठेवता येत नाही. सल्ला देणाऱ्या स्नेह्यांनी आता टेनिस सोडूनच द्या असे सांगितले होते, आणि चातुर्मास्यात मी वाचावयास घेतले ते लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य. ज्या आळीला आज टिळक आळी म्हणतात तेथल्या घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला, आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे बालपण या गावात गेले. डेक्कन कॉलेजात गेल्यावर, प्रकृती अशक्त म्हणून, पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात घालविले आणि परीक्षेचे नुकसान सोसले. त्या कमावलेल्या शरीराच्या बळावर पुढे मंडालेचा कारावास त्यांनी काढला, आणि तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. ज्या मंडालेहून राजा थिबाला आणून इंग्रजांनी आमच्या रत्नागिरीत कैदेत ठेवले होते, त्याच मंडालेत रत्नागिरीचा हा पुत्र कैदेत बसून कर्म सोडावे की करावे याचा निवाडा करीत होता.

तो निवाडा असा, की सोडावयाचे ते कर्म नव्हे, फलाची आसक्ती. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र मला हाताच्या दुखण्यात सापडला. स्नेही म्हणत होते, खेळ सोडा. ग्रंथ सांगत होता, मूठ सोड. तारा आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचे सुमारे पाच सहस्रांश एवढाच टिकतो. आणि त्या स्पर्शाची खबर हातापासून मेंदूपर्यंत जाण्यास याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे आघात झाला हे मला कळते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणी आवळलेली मूठ चेंडूचे काहीएक बदलू शकत नाही. अधिकार हा शब्द गीतेत येतो. कचेरीच्या भाषेत अधिकाराला हद्द असते, आणि हद्दीबाहेर चालविलेला हुकूम निष्फळ होतो. पाय कोठे ठेवावा, खांदे केव्हा वळवावेत, कोपर किती सुटे असावे, येथपर्यंत माझी हद्द. स्पर्शाच्या पलीकडे चेंडूची, वाऱ्याची, मातीची आणि समोरच्या खेळाडूची. चेंडू रेषेच्या आत पडेल ना, या धास्तीने मी आधीच मूठ आवळीत होतो. ती आवळलेली मूठ म्हणजे हद्दीबाहेर चालविलेला अंमल होता, आणि त्याचा दंड कोपर भरीत होते.

याच ओघात स्वधर्माचाही विचार करावा लागतो. फोरहँडच्या वेळी हात सरळ असावा की कोपरात वाकलेला, यावर खेळणारांत मोठा वाद आहे. फेडरर आणि नदाल यांचा हात चेंडूच्या स्पर्शसमयी जवळजवळ सरळ असे, जोकोविचचा कोपरात वाकलेला. तिघेही शिखरास पोचले. दंड आणि पुढचा हात यांच्यामधला कोन माणसामाणसांत भिन्न, खांद्याची मोकळीक भिन्न, वय भिन्न. तेव्हा एकाची सुंदर ठेवण दुसऱ्याच्या सांध्यास जाच होऊ शकते. परधर्म कितीही आचरण्यास सोपा दिसला तरी भयावह म्हटला आहे, तो अशा ठिकाणी शब्दशः खरा ठरतो. मात्र दोन्ही ठेवणींत एक गोष्ट समान आहे, आणि तीच धर्म होय: चेंडू शरीराच्या पुढे गाठलेला असतो, आणि कोपर एकटे पडलेले नसते.

येथपर्यंत विचार आला तेव्हा मला वाटले की आपला निबंध पुरा झाला. नारळी पौर्णिमा होती. नारळीभातासाठी आत्या स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवीत होती, आणि मी दारात उभा राहून तिचा हात पाहू लागलो. एक पाय दुमडून विळीच्या पाटावर घट्ट रोवलेला, दोन्ही हातांच्या तळव्यांत नारळाची कवड, कमरेपासून पुढेमागे होणारी संथ लय, आणि ताटात पडणारा पांढरा शुभ्र चव. कवड कोठे अडखळत नव्हती, करवंटीचा काळा कीस एकदाही त्यात उतरत नव्हता. भरताने सांगितलेले सौष्ठव ते हेच, असे माझ्या मनात आले. मी म्हणालो, “आत्या, इतकी वर्षं खवतेस, पण तुझा हात कसा मोकळा चालतो बघ. मला चार वर्षांत कोपर धरून बसावं लागलं.”

तिने खवणे थांबविले नाही. म्हणाली, “अरे, माझाही दुखतो. वीस वर्षं दुखतोय. सांगायचं कुणाला आणि कशाला? नारळ तर खवायलाच हवेत.”

मी पाटावर तिच्याजवळ बसलो आणि तिच्या कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट टेकविले. तिने हात झटकन आखडून घेतला. माझे जेथे दुखत होते, अगदी तेथेच.

माझ्या सगळ्या विचारात एक उणीव होती, ती त्या क्षणी उघड झाली. देहाची साक्ष खरी असते, ती योग्य वेळी घ्यावी, तिचा अन्वय लावावा, हे सारे मी ठरविले होते; पण साक्ष देणारा असला तरी ती ऐकणारे कोणी असावे लागते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. माझ्या कोपराची फिर्याद मी चार महिन्यांत ऐकली, कारण माझ्यापाशी फुरसत होती, ग्रंथ होते, पाऊस होता, आणि खेळ थांबला तर कोणाची चूल थांबत नव्हती. तिच्या कोपराची फिर्याद वीस वर्षे त्याच घरात, माझ्या ताटापासून चार हातांवर पडून होती. तिचा हात मोकळा आहे असे मला वाटले, ते तो मोकळा होता म्हणून नव्हे. तिने आपले दुखणे लयीत इतके मुरविले होते की ते पाहणाऱ्यास सौष्ठव दिसावे. घराच्या देहातही एखाद्या कोपराने सर्वांचे काम अंगावर घेतलेले असते, आणि काम अडत नाही तोवर इतर अंगांना त्याचा पत्ता नसतो.

तेव्हा सुख हे प्रमाण आहे काय, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे. स्वतःच्या सुखाची साक्ष उशिरा घ्यावी, कारण सवय तिला फितविते. दुसऱ्याच्या दुःखाची साक्ष तात्काळ घ्यावी, कारण मौन तिला गिळून टाकते. आणि या दोन्ही साक्षींवरून जो निवाडा निघतो तो एकच: भार ज्याच्या त्याच्याकडे परत वाटून द्यावा. पाय, कंबर, खांदा यांनी आपापले काम उचलले की कोपर आपोआप सुटते. त्याला निराळे सुख द्यावे लागत नाही.

म्हणीतले ‘मऊ’ म्हणजे जमीन, असे मी आजवर समजत होतो. ते कोपरही असू शकते. न बोलता वाकणारा तो सांधा आहे, म्हणूनच त्याने खणण्याचा मोह होतो.

त्या पौर्णिमेपासून आमच्या घरात नारळ मी खवतो. पहिल्या दिवशी कमरेतून झुकावयाचे सोडून मी मनगटानेच कवड रेटली, आणि जुनी कळ पुन्हा कोपरात उठली. आत्या बाजूस पाटावर बसली होती. तिने माझ्या दंडाला दोन बोटे लावली, कोपर बरगडीपासून किंचित दूर केले, आणि म्हणाली, “इतका आवळून धरू नकोस. कवड कुठं पळून जात नाही.”